बाराही फोटोंत चांदसाब

केम, २८ नोव्हेंबर १९७१, रविवार

मेहुणे रामहरी आज दुपारच्या पॅसेंजरने सोलापूरला परत गेले. त्यांचा कॅमेरा मात्र मी ठेवून घेतला. देताना त्यांचा जीव खालीवर होत होता, पण बहिणीच्या घरी चार दिवस पाहुणचार झोडून दाजीला नाही कसं म्हणणार? "दाजी, पुढच्या रविवारी पोचता करा. आणि सांभाळा, नव्या पेठेतली गर्दी म्हंजे गळ्यातला ताईत काढून घेतील, कळायचं न्हाय," असं दोनदा सांगून गेले. मी म्हटलं, सोळा वर्षं मास्तरकी केली, चाळीस पोरांवर एका वेळी नजर ठेवतो, एवढीशी पेटी सांभाळता येणार नाही का.

विजयमाला चुलीपुढून म्हणाली, "फळा धड पुसता येत न्हाय, आता फोटू काडणार." तिला सवयच आहे. मी ऐकलं नाही असं केलं.

संध्याकाळी चांदसाबच्या दुकानात कॅमेरा घेऊन गेलो. शाळेसमोर त्याचं शिंप्याचं दुकान आहे. शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या तोच शिवतो आणि मी रोज शाळा सुटल्यावर तिथं बसून त्याला पेपर वाचून दाखवतो. त्याला लिहिता-वाचता येतं, पण मशीन चालू असताना कान मोकळे असतात म्हणतो. त्याची आई सुगराबी आज तिथंच होती. चांदसाबला गुलबर्ग्याहून सांगून आलेल्या मुलीचं, सायराबानूचं, घोडं मुलाच्या फोटोवर अडलं आहे. मुलीचे चाचा बरे शिकलेले आहेत. मुलगा खेड्यातला, त्यात शिंपी, तेव्हा दिसतो कसा, चार गावं फिरलेला आहे का, हे त्यांना बघायचं आहे. सुगराबी म्हणाली, सोलापूरच्या स्टुडिओत काढून आणू.

मी म्हटलं, स्टुडिओत काय, मागे रंगवलेला पडदा लावतात. पडद्यावरचा ताजमहाल शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. खरं शहर मागं पाहिजे. मुलगा कसा शहरात वावरलेला दिसला पाहिजे. रविवारी कॅमेरा द्यायला जायचंच आहे, चांदसाबला बरोबर नेतो.

चांदसाब लाजला. सुगराबीने माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. आजचा दिवस चांगला गेला.

१ डिसेंबर, बुधवार

चांदसाबने कॅमेऱ्याला पिशवी शिवली. बघत राहावी अशी. चड्ड्यांचं उरलेलं जाड खाकी कापड, आतून फ्लॅनेलचं अस्तर. पुढं भिंगापुरतं गोल भोक, त्याला काजासारखी बारीक शिलाई. डोळा लावायला वर एक लहान भोक, मागं फिल्मचा नंबर बघायला झाकण. पट्टा दुहेरी शिवलेला. कॅमेरा बाहेर काढायचं कामच नाही. गळ्यात अडकवायचा, वरून कोट घालायचा, फोटो घेताना तेवढी कोटाची बटणं सोडायची आणि खटका दाबायचा.

"चोराला वाटंल गुरुजींचा भाकरीचा डबा हाय," चांदसाब म्हणाला. आम्ही पुष्कळ हसलो. त्याने स्वतःसाठी राखाडी कोट शिवलाय, लग्नाचा म्हणून. तोच घालून येणार आहे.

४ डिसेंबर, शनिवार

काल संध्याकाळी लढाई सुरू झाली. आज ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढं सगळं गाव. शाळेत मी पोरांना नकाशा दाखवला. पोरांनी विचारलं, गुरुजी, विमान केमवर येईल का. म्हटलं, केमवर यायला इथं आहे काय.

सुगराबी सकाळीच दारात. "नक्को जाव मास्तर. लढाई मिटू द्या." माझ्याही मनात किंचित चलबिचल झाली, हे कबूल करतो. पण लढाई सीमेवर, सोलापूर कुठं, सीमा कुठं. शिवाय शुक्रवारी गुलबर्ग्याचे चाचा येणार आहेत, त्यांच्या हातात फोटो पडला पाहिजे. आणि कॅमेरा वेळेवर गेला नाही तर रामहरी माझ्या बायकोकडून मला जन्मभर ऐकवतील. चांदसाब म्हणाला, "गुरुजी म्हणत्याल तसं." सगळं माझ्यावर सोडून मोकळा झाला.

सोलापूर, ६ डिसेंबर, सोमवार. रामहरींच्या घरी

जसं झालं तसं लिहून काढतो, म्हणजे उद्या पोलीस चौकीत साहेबांपुढे सांगताना चूक होणार नाही.

काल सकाळी उतरलो. आधी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी दोन फोटो घेतले, किल्ल्याच्या बुरुजापाशी दोन. नव्या पेठेत कापडाच्या दुकानापुढं एक आणि टांग्यात बसवून एक. गर्दीत मी दोन्ही हात पिशवीवर ठेवून चालत होतो, चांदसाब माझ्या पाठीला पाठ लावल्यासारखा मागून. कोणाची हिंमत झाली नाही. मग मी म्हटलं, तळी-किल्ले सगळीकडे असतात, शहर म्हणजे गिरणी. एका गिरणीच्या चिमणीखाली त्याला उभा केला आणि चिमणी पुरी यावी म्हणून मी रस्त्यावर उताणा झोपायचाच काय तो राहिलो. दोन फोटो झाले. पुढं पाण्याची उंच टाकी लागली, तिथं एक. रेल्वेच्या पुलाजवळ दोन. चांदसाब म्हणाला, "गुरुजी, एक तुमचा काडू द्या की. आठवन ऱ्हाईल." मी म्हटलं, तुला जमायचं नाही, फिल्म वाया जाईल.

शेवटचा, बारावा, इंजिनाचा. स्टेशनच्या पलीकडच्या रस्त्यावरून रुळांवरचं इंजिन अगदी जवळ दिसतं. वाफ सोडत होतं. चांदसाबला कुंपणाशी उभा केला, कोटाची बटणं सोडली, खटका दाबला. मग मला तहान लागली. पिशवी त्याच्या गळ्यात घातली आणि समोरच्या टपरीवर पाणी प्यायला गेलो. ती पिशवी माझ्याच गळ्यात असती तर, हा विचार कालपासून पाठ सोडत नाही.

तांब्या खाली ठेवून वळलो तर दहा-पंधरा माणसं त्याच्याभोवती. एकजण पिशवीत बोट घालून म्हणत होता, "भोक हाय बगा ह्याला. कोटाच्या आतून फोटू काडतोय." दुसऱ्याने नाव विचारलं. चांदसाबने सांगितलं. नाव सांगितलं तशी गर्दी आणखी वाढली. शहरातली माणसं, रविवार, कामधंदा नाही, गर्दी व्हायला काय लागतं. मी ओरडून सांगत होतो की कॅमेरा माझा आहे, फोटो मी काढलेत. माझा आवाज वर्गात मागच्या भिंतीपर्यंत पोचतो, पण काल दोन माणसांपलीकडे गेला नाही. कोणीतरी त्याची कॉलर धरली, कोणीतरी थोबाडीत दिली. हवालदार आला तेव्हा उलट बरं वाटलं.

चौकीत मला स्टुलावर बसवलं. फौजदारसाहेब माणूस सभ्य आहेत. मी नाव, गाव, शाळा, सगळं सांगितलं. लग्नाचं सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही साधी माणसं. तुम्हाला वापरून घेतलंय." मी म्हटलं, साहेब, आणलं त्याला मी. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी." माझा जबाब घेऊन मला सोडलं. चांदसाबला चौकशीसाठी ठेवून घेतलं. माझ्या अक्षराचं वळण चांगलं आहे, सरकारी नोकर आहे, त्याचा परिणाम झाला असावा.

निघताना चांदसाबकडे बघितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि कोटाची खांद्यातली उसवलेली शिवण बोटाने जुळवून बघत होता. मला म्हणाला, "अम्मीला सांगू नगा गुरुजी. उद्यापातुर सोडत्याल."

७ डिसेंबर, मंगळवार

विमानांच्या भीतीनं रामहरींनी घराच्या काचांना काळे कागद डकवलेत. रात्री दिव्यावरसुद्धा कागद. कालपासून त्यांचा एकच प्रश्न, "दाजी, माझं नाव घेतलंत का?" घेतलं नाही म्हटलं. कॅमेरा कोणाचा म्हणून विचारलं तेव्हा माझा म्हणालो. त्यावर त्यांच्या बायकोने मला पहिल्यांदा तूप वाढलं.

चौकीवर गेलो. भेटू दिलं नाही. पण बातमी चांगली आहे. रोल धुवायला पाठवलाय. मी सुटकेचा निःश्वास टाकला. माणूस खोटं बोलेल, फोटो कसा बोलेल? बाराही फोटोंत चांदसाब उभा आहे. आपला फोटो आपल्याला काढता येत नाही, हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. फोटो आले की संपलं.

९ डिसेंबर, गुरुवार

फोटो आले.

साहेबांनी टेबलावर तीन ओळींत मांडले. खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा मनात आलं ते हे, की फोटो छान आलेत. चिमणी टोकापर्यंत आली होती. इंजिनाची वाफसुद्धा आली होती. चांदसाब राखाडी कोटात नवरदेव दिसत होता.

साहेबांनी एकेका फोटोवर पेन्सिल टेकवली. "गिरणी. टाकी. पूल. इंजिन. आणि हरेक ठिकाणी हाच माणूस."

मी म्हटलं, "साहेब, तेच सांगतोय. ज्याचा फोटो, तो फोटो काढत नसतो. काढणारा मी."

"मग तुम्ही कुठं आहात यात?"

"मी कॅमेऱ्याच्या मागं."

"म्हणजे दिसत नाही."

"नाही दिसत."

"गुरुजी, मला जे दिसतं त्यावर चालावं लागतं," ते म्हणाले. मग विचारलं, "लग्नाच्या फोटोत पाण्याची टाकी कशाला हो?"

मी म्हटलं, शहर दिसावं म्हणून. साहेब हसले, हवालदारही हसला. माझंच वाक्य मला तिथं येड्यासारखं वाटलं. केममध्ये सुगराबीच्या पुढं ते किती शहाणपणाचं वाटलं होतं. मग त्यांनी पिशवी पुढं ठेवली. एवढी बारीक शिलाई, एवढं मोजून पाडलेलं भोक, खाकी कापड, हे काय सहज केलेलं काम आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, तो शिंपी आहे साहेब, त्याला वाईट शिवताच येत नाही. चोरांच्या भीतीनं शिवली. हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

शेवटी मी म्हटलं, "साहेब, मग मलाही धरा." आवाज फार बारीक निघाला. ते म्हणाले, "असं बोलू नका गुरुजी. नोकरीचं बघा, पोराबाळांचं बघा." मी पोराबाळांचं बघितलं आणि उठलो. मी तसाच बसून राहिलो असतो तर काय झालं असतं, कोण जाणे. बाहेर येऊन बराच वेळ चपला सापडेनात. पायातच होत्या.

केम, ११ डिसेंबर, शनिवार

सुगराबीला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. म्हणाली, "तुमी संगं व्हता की मास्तर." हेच चार-पाच वेळा म्हणाली. मी संगं होतो, मी संगं होतो, असं मीही म्हणत राहिलो.

काल गुलबर्ग्याचे चाचा येऊन गेले म्हणे. स्टेशनवरच कोणीतरी त्यांना सगळं सांगितलं. ते गावात शिरलेच नाहीत, दुसऱ्या गाडीने परत फिरले.

मी साहेबांच्या नावे अर्ज लिहिला. चांदसाब जन्मापासून केमचा, चारित्र्य चांगलं, वगैरे. सरपंच हिंदुरावांकडे सहीला गेलो. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मजकूर झकास हाय मास्तर. पर लढाई चालू असताना अशा कागदावर सही बरी दिसत न्हाय. जरा दमानं घ्या." त्यांच्या अंगातला शर्ट चांदसाबनेच शिवलेला. ते ओठांवर आलं होतं, गिळलं. सरपंचांशी वाकडं घेऊन शाळा चालत नाही.

विजयमाला जेवताना म्हणाली, "तुमी गप बसला असता तर त्यो स्टुडिओत जाऊन आला असता." मी ताटावरून उठलो. मग पुन्हा येऊन बसलो, कारण खरंच होतं आणि भूकही लागली होती.

१७ डिसेंबर, शुक्रवार

लढाई जिंकली. काल रात्रीपासून फटाके. सकाळी शाळेतून प्रभातफेरी काढली, गुलाल, पेढे. मीच घोषणा दिल्या, घसा बसला. फेरी चांदसाबच्या बंद दुकानावरून गेली. पोरं नेहमीसारखी फळ्यांवर हात आपटत गेली. सुगराबी हल्ली दुकानात आतच बसून असते, मशीनच्या मागं. आज दार उघडलं नाही.

दुपारी अर्ज घेऊन परत हिंदुरावांकडे. लढाई मिटली, आता सही द्या. त्यांनी मला पेढा भरवला आणि म्हणाले, "आता लढाई मिटली म्हणल्यावर ते सोडत्यालच की. सही कशाला मग?" मी पेढा तोंडात धरून उभा. अर्ज अजून माझ्या खिशात आहे, घड्यांवर फाटायला लागलाय.

२ जानेवारी १९७२, रविवार

चांदसाब आला. मला कोणी कळवलं नव्हतं. दुपारच्या पॅसेंजरने उतरून एकटाच गावाबाहेरून, ओढ्याच्या बाजूने घरी आला. मला रामा न्हाव्याने सांगितलं तेव्हा पळत गेलो.

सुकलाय. डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, मान वळवून ऐकतो. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय गुरुजी. इचारपूस केली." काही सापडलं नाही म्हणून सोडलं, पण पुढचा हुकूम येईपर्यंत दर सोमवारी तालुक्याच्या चौकीवर हजेरी द्यायची आहे. फोटो दिले नाहीत. पिशवी दिली नाही. कॅमेराही तिकडंच आहे आणि रामहरींचं बोलणं बंद झालंय, ते एक बरं.

मी हात जोडले. म्हटलं, चांदसाब, सगळं माझ्यामुळं झालं. त्याने माझे हात धरून खाली केले. "तुमी भल्यासाठीच केलं की." रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती. सुगराबीने मला चहा विचारला नाही. त्या घरात हे पहिल्यांदा घडलं.

६ जानेवारी, गुरुवार

दुकान उघडलंय. मी नेहमीसारखा पेपर घेऊन गेलो. त्याच्या उजव्या बाजूला बसून वाचला. मशीनवर कापड नव्हतं, तो नुसताच पायडलवर पाय ठेवून बसला होता. नव्या चड्ड्यांची कापडं यंदा हेडमास्तरांनी कुर्डुवाडीला पाठवलीत. मला न विचारता पाठवली. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, तेही सांगता येत नाही. पोरं जाता-येता दारात उभी राहून हाताची गोल नळी करून डोळ्याला लावतात आणि पळतात. मी एकाच्या पाठीत धपाटा घातला. चांदसाब म्हणाला, "नका मारू गुरुजी. घरी जाऊन सांगत्याल, मग त्यांचं बाप माज्याकडं येत्याल."

१० जानेवारी, सोमवार

आज रजा टाकून चांदसाबबरोबर तालुक्याला गेलो. मागच्या सोमवारी एकटा गेला होता तर दिवसभर ताटकळत ठेवला आणि शेवटची एस. टी. चुकवली. म्हटलं, आपण बरोबर असलो तर मान ठेवतील. तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

मान ठेवला. चौकीवरचा हवालदार मला ओळखणारा निघाला, त्याचा भाचा माझ्या हाताखाली शिकलाय. "या या, गुरुजी, तुमी कुटं इकडं?" म्हणून खुर्ची पुसून दिली. चांदसाब दाराशी टोपी हातात घेऊन उभा. मी सांगितलं, यांच्याबरोबर आलोय. हवालदाराला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. म्हणाला, "तुमच्यासारख्यांनी जपून ऱ्हावं गुरुजी, जग लई वाईट हाय." मग चांदसाबकडे न बघताच म्हणाला, "ए, अंगठा उठव."

मी म्हटलं, त्याला सही येते.

"अंगठाच लागतो हितं," हवालदार म्हणाला. चांदसाबने अंगठा उठवला आणि शाई कपड्यांना लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. झालं, जा, असं कोणी म्हणेना. हवालदाराने समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. एक कप स्वतःला, एक मला.

माझ्या हातात कप, समोर चांदसाब. कप टेबलावर ठेवला आणि म्हटलं, मला नको, यांना द्या. हवालदाराचा चेहरा बदलला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, चांदसाबकडे बघितलं.

चांदसाब दोन पावलं पुढं आला, खाली वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "घ्या गुरुजी. तुमी न्हाय घेतला तर राग माज्यावर निगंल."

मी कप उचलला आणि सगळा चहा प्यालो. हवालदार खूश झाला, म्हणाला, "कसा हाय?" मी म्हटलं, चांगला आहे. चांगलाच होता, आलं घातलेलं होतं. मग त्याने चांदसाबला जायला सांगितलं.